कडेकडेने दिसणारा समुद्र

कासिल्दाच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते कॉफीमुळे. एलादियो कॉफी ओतायचा आणि ती कपात पडायच्या ऐवजी टेबलावर पसरायची.

"बोट हलतेय," तो म्हणायचा.

बोट हलत नसायची. आगिलासच्या त्या लहानशा बंदरात हिवाळा सरताना पाणी निपचित पडलेलं असायचं. कासिल्दा फडकं घेऊन टेबल पुसायची.

दहा-बारा वर्षं दोघं त्या शिडाच्या बोटीवर राहत होती. आल्बासेतेसारख्या कोरड्याठाक गावात एलादियोचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता, तिचा शिवणकामात. निवृत्त झाल्याबरोबर त्याने घर विकलं आणि बोट घेतली. तिच्या बहिणीने त्याला वेड्यात काढलं. कासिल्दा मात्र शिलाईचं मशीन काखोटीला मारून मुकाट बोटीवर चढली. मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारं कुणी नव्हतं. बंदरातल्या सगळ्यांची फाटकी शिडं हळूहळू तिच्याकडे यायला लागली. दर वसंतात, ईस्टर उरकला की दोघं दूरच्या बेटांकडे निघायची ती उन्हाळा संपल्यावरच परतायची.

यंदा वसंत लागता लागता ती त्याला मुर्सियाला डोळ्यांच्या डॉक्टरिणीकडे घेऊन गेली. डॉक्टरीण भली बाई होती, पण तिने आडपडदा ठेवला नाही. नजरेचा मधला भाग जाणार, कडा तेवढ्या राहतील. परतीच्या बसमध्ये एलादियोने कासिल्दाचं मनगट घट्ट धरलं.

"बंदरात कुणाला सांगायचं नाही. तोर्कुआतोला तर मुळीच नाही."

तोर्कुआतो म्हणजे शेजारच्या होडीवरचा म्हातारा विधुर मच्छीमार. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत मासळीबाजारात पोचायची. तिने मान डोलावली, मग आपलं मान डोलावणं त्याला दिसलं नसेल असं वाटून मोठ्याने म्हणाली, "नाही सांगत."

धक्क्यावर बोटी खरवडण्याचे, रंगवण्याचे दिवस आले. एलादियोही दरवर्षीसारखा डबा घेऊन बसला. पण त्याच्या रंगात मधे मधे उघडे पट्टे राहायचे. दुपारी तो आडवा झाला की कासिल्दा गुपचूप ते भरून काढायची. गावातून ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याचे ढोल ऐकू येत, आणि एकेक बोट दोर सोडून बाहेर पडत होती.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तिने अंडं बसवलेला गोड पाव आणला होता. तो खाता खाता एलादियो म्हणाला, "गुरुवारी निघू. वारा बरा आहे."

"कुठे निघू?"

"कुठे म्हणजे? बेटांवर. दरवर्षी कुठे जातो आपण?"

"एलादियो, पुरे झालं आता हे नाटक."

"मला रस्ता पाठ आहे."

"समोरून येणारी होडी पाठ आहे का तुला?" तिचा आवाज चढला. "मी समोर बसलेय. माझं तोंड तरी दिसतंय का?"

तो बराच वेळ पावाचे तुकडे करत राहिला. "कडेकडेने दिसतं," तो म्हणाला. "कान दिसतो, केस दिसतात. मधे धूर आहे."

तिला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण माफी मागायची सवय दोघांनाही नव्हती. त्या रात्री दोघं पाठीला पाठ लावून झोपली.

सकाळी ती बाजारात गेली. कोवळ्या घेवड्याच्या शेंगा, कांदे, पाव घेऊन परतली, तर बोटीची जागा रिकामी. नुसतं पाणी. धक्क्यावर तिची कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळून नीट ठेवलेली होती.

तोर्कुआतो जाळं झटकत होता. "अगं, मगाशीच गेला. इंजिन तपासायचंय म्हणाला. का गं, भांडलात?"

"त्याला दिसत नाही," कासिल्दा म्हणाली. दिलेला शब्द मोडताना तिने हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. "तोर्कुआतो, त्याला दिसत नाही रे!"

म्हाताऱ्याने जाळं तिथेच सोडलं, तिला होडीत घेतलं आणि इंजिन चालू केलं.

बाहेर पूर्वेचा वारा सुटला होता. पाण्यावर दमट धुकं होतं. तोर्कुआतोने वाटेत एकही प्रश्न विचारला नाही, हेच तिला जास्त भयंकर वाटलं. किनाऱ्याजवळच्या बेटाला वळसा घातला तेव्हा डोलकाठी दिसली. बोट खडकांच्या अगदी अंगाला होती, नांगर टाकलेला, शीड अर्धवट उतरून फडफडत होतं. एलादियो सुकाणूपाशी बसला होता. दोराने सोलवटलेला हात त्याने मांडीवर उताणा ठेवला होता.

तोर्कुआतोने होडी लावली. कासिल्दा कठड्याला धरून वर चढली, गुडघा फुटला. एलादियोने तिच्या दिशेने तोंड वळवलं.

"कोण? तोर्कुआतो?"

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"कोण आहे?" त्याचा आवाज घाबरला.

"मी आहे."

"तू," तो म्हणाला आणि मान तिरकी करून तिच्याकडे पाहू लागला. "बंदराचं तोंडच सापडलं नाही गं. सगळीकडे सारखंच पांढरं. मग लाटा फुटताना ऐकू आल्या, म्हणून नांगर टाकला."

"कशाला आलास मरायला?"

"मरायला नाही. एकदा मला बोट एकट्याने न्यायची होती. तुझे डोळे उसने न घेता."

नांगर खडकात अडकला होता. तोर्कुआतोने खूप ओढून पाहिलं, शेवटी चाकूने दोर कापला. "तू धर सुकाणू," तो तिला म्हणाला. "माझ्या मागे मागे ये. घाई करू नकोस."

सुकाणू तिने यापूर्वीही धरलं होतं, पण बंदरात शिरताना कधीच नाही. शिरताना एलादियोचा आरडाओरडा ठरलेला असायचा. डावीकडे घे, हळू, अगं हळू म्हटलं ना! आज तो आत जाऊन बिछान्यावर बसला. धक्क्याला लावताना बोटीची एक कड करकरत घासली गेली. तिने आतून ओरडण्याची वाट पाहिली. आतून काहीच आलं नाही.

त्यानंतर सारं बंदर त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागलं. पूर्वी त्याला शिव्या घालणारे लोक आता हात धरून त्याला पायरी उतरवू लागले. "माझी तिरडीच काढायची बाकी आहे," तो म्हणाला, आणि धक्क्यावर उतरणं सोडलं.

बोट विकायला काढली, आणि मे महिन्यात एक बेल्जियन जोडपं ती बघायला आलं. दोघं तरुण होती, सारखी हसत होती. एलादियोने त्यांना स्वतः सगळं दाखवलं. हात फिरवत फिरवत तो झडपा, कप्पे, शिडांच्या दोऱ्या सांगत गेला. कुठे चाचपडला नाही. त्यांना काही कळलं नाही.

"इतकी चांगली बोट का विकताय?" मुलीने विचारलं.

"बायको कंटाळली समुद्राला," एलादियो म्हणाला.

कासिल्दाने ते आपल्यावर घेतलं. "हो," ती म्हणाली, "फार झालं आता."

आता गावाच्या वरच्या अंगाला, मासळीच्या शीतगृहामागे त्यांची भाड्याची खोली आहे. खिडकीसमोर भिंत आहे. रात्री एलादियोला पलंग हलत नाही म्हणून झोप लागत नाही. तिलाही लागत नाही, पण ती सांगत नाही. सकाळी ती त्याच्या बाजूला बसते, थोडी कडेला सरकून, म्हणजे तिचं तोंड त्याच्या नजरेच्या उरलेल्या भागात येतं. कधी तो तिकडे बघतो. बहुतेकदा भिंतीकडेच बघत बसतो.