जिग्बोदीची साक्ष

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!" चौथऱ्यावर उभं राहून जिग्बोदीनं छातीठोकपणे सांगितलं, आणि पत्र्याच्या छपराखालचे शंभरेक भाविक खूश होऊन पुढे सरकले. प्रार्थना-शिबिरातली साक्ष अशीच सुरू व्हावी लागते. मिळमिळीत साक्ष दिली, की पाद्रीबाबा नुसती मान हलवतात आणि बाई परत आंब्याच्या बुंध्याशी, साखळीत. रंगवून दिली, तर त्याच रविवारी लोहार साखळी तोडतो.

अंगातला सैतान निघावा म्हणून जिग्बोदीच्या घोट्याला चौदा महिने साखळी होती. समोरच्या बाकावर तिची आई बसली होती, मांडीवर नवं कापड घेऊन. लेकीला ते नेसवायचं आणि आजच घरी न्यायचं.

जिग्बोदीला आवाज ऐकू येत, ते खरंच होतं. आंब्यातून बोलत, शिव्या घालत. पण आवाजांना वजन नसतं. अंधार पडल्यावर बायकांच्या झोपायच्या छपरीत जो यायचा, त्याला होतं. तिनं आधी सरळ सांगून पाहिलं, "तो राखणदार क्लेमेंट आहे." पाद्रीबाबा म्हणाले, हिच्या तोंडून सैतान बोलतोय, तीन दिवस उपास. पुन्हा सांगितलं, तर सात. मग एकवीस. त्यानंतर बाई शहाणी झाली.

"दिसायचा कसा गं तो सैतान?" पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं विचारलं.

"काय सांगू आजी! कमरेखाली बोकड. दात म्हणजे न सोललेले कसाव्याचे कंद. आणि शेपूट एवढी लांब, की हा छपरीत शिरला तरी शेपूट आपली पार तिकडे केटा गावच्या बाजारात सुके मासे हुंगत बसलेली!"

छप्पर हसण्यानं दणाणलं. दारात टेकून उभा असलेला क्लेमेंट सगळ्यांत मोठ्यानं हसला.

ते हसणं ऐकून जिग्बोदीनं घाईघाईनं सैतानाला शिंगं लावली, पंख लावले, तिसरा डोळा बसवला. एकेक अवयव लावावा तसा तो माणसापासून लांब लांब जात होता. फक्त त्याच्या केसांच्या तेलाचा वास काही केल्या जाईना. शिंगांवरूनही येत होता, पंखांवरूनही.

"आणि शेवटी?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"शेवटी तुमच्या प्रार्थनेनं पेटला, बाबा. मूठभर राख उरली. गेला तो. आता कुणाकडेच येत नाही."

"हालेलुया!" लोक ओरडले. लोहारानं छिन्नी काढली. आई डोळे पुसत उठली, तिनं कापडाची घडी मोडली.

मागच्या खांबाला बांधलेली एन्योनाम तीन आठवड्यांपूर्वीच शिबिरात आली होती. ती साखळी ओढत उभी राहिली.

"काय फेकतेस गं ताई!" ती ओरडली. "गेला म्हणे! काल माझ्याकडे आला होता. पंख नाहीत की काही नाही. तो काय, दारात उभाय."