बुजवलेली विहीर

पोलिसांची गाडी अंगणात शिरली तेव्हा जयवंतीला वाटलं, ठाण्यात पुन्हा कुणीतरी बदलून आलंय. दोन-तीन वर्षांनी असं व्हायचंच. नवा साहेब यायचा, जुनी प्रकरणं चाळायचा आणि मग एखादा हवालदार येऊन तिलाच विचारून जायचा, "मुलीचं काही कळलं का?" ती म्हणायची, नाय. तो मान हलवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा.

या वेळी गाडीतून एक बाई उतरली. पस्तिशीची, खाकी वर्दीतली, केस घट्ट बांधलेली. चप्पल बाहेर काढून आत आली आणि भिंतीवरच्या फोटोपुढे उभी राहिली. फोटोतली मेघाली बावीस वर्षांची होती, आणि ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

"मी अर्चना. जिल्ह्यात न सुटलेली जुनी प्रकरणं पुन्हा बघायला आमचं पथक नेमलंय," ती म्हणाली. "मावशी, मला सगळं पहिल्यापासून सांगा. कितीही वेळ लागू दे."

जयवंतीनं सांगितलं. इतक्यांदा सांगून झालं होतं की शब्द आपोआप एकामागून एक येत. मेघाली बोईसरच्या एका औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होती. संध्याकाळी रिक्षानं उमरोळी-बेटेगावच्या मधल्या फाट्यावर उतरायची आणि चिकूच्या वाड्यांमधल्या रस्त्यानं चालत घरी यायची. श्रावणातला दिवस होता, आभाळ भरून आलेलं. फाट्यावरच्या दुकानदारानं तिला उतरताना बघितलं होतं. घरी मात्र ती आली नाही.

त्याच कंपनीत बीडकडचा कैलास नावाचा पोरगा होता. दोघांचं जमलंय हे गावाला ठाऊक होतं आणि जयवंतीच्या घरात त्यावरून दोनदा वाजलंही होतं. मग सगळ्यांची बोटं त्याच्याकडेच वळली. जयवंतीचा दीर शांताराम चार माणसं घेऊन बेटेगावला त्याच्या खोलीवर गेला आणि पोलिसांच्या आधी त्यानंच त्याला फोडून काढला. नंतर पोलिसांनी आठवडाभर आत ठेवलं. ठाण्यात जयवंतीनं त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, "यानंच केलंय." त्या दिवशी तो दुसऱ्या पाळीत कामावर होता हे सिद्ध झालं तेव्हा सोडला, पण नोकरी गेली. गावाच्या मनातून तो काही सुटला नाही. जयवंतीच्याही नाही.

अर्चनानं सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइल पुढे केला.

"हा फोटो वरून काढलेला आहे, उपग्रहातून. मेघाली गेली त्याच वर्षीचा, उन्हाळ्यातला. ही तुमची वाडी, ही तुमच्या दिराची. इथे हा काळा गोल दिसतो?"

"ती विहीर."

"आणि हा दिवाळीनंतरचा. गोल नाही."

"बुजवली ना ती. पानी तांबडं यायला लागलं होतं. कंपन्यांचं पानी जमिनीत मुरलं, सगळे बोलायचे. गुरं पण तोंड लावेनात."

"कुणी बुजवली?"

"भावजीनी. आमच्या यांनी पन माती टाकली. पोरीच्या दुःखात होते, तरी गेले. भावजी बोलले, उघडी ठेवली तर एखादं लेकरू पडेल."

अर्चनानं मोबाइल खाली ठेवला. "मेघालीला शोधताना गावातल्या विहिरी बघितल्या होत्या?"

"सगळ्या. गळ टाकून."

"ही?"

"ही भावजींची. त्यांनीच बगितली," जयवंती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर ते वाक्य तिच्या स्वतःच्या कानांवर पडलं. तिनं पदर सारखा केला. "बाय, ते माझे दीर हायेत. हे गेल्यापासून त्यांच्याच घरातून माझं ताट येतं."

"मी काहीच म्हणत नाहीये, मावशी," अर्चना म्हणाली.

ताट येतं म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. जयवंतीचा नवरा हरेश्वर पोरीच्या पाठी झुरत चार वर्षांत गेला. त्याला अग्नी दिला तो शांतारामच्या पोरानं, प्रीतमनं. तेव्हापासून जयवंतीच्या वाडीतले चिकू उतरवून विकण्यापासून तिला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यापर्यंत सगळं प्रीतमच बघायचा. तिला मोठी आई म्हणायचा. त्याची बायको कीर्ती दोन्ही वेळा ताट झाकून आणायची आणि जयवंती जेवेपर्यंत समोर बसायची. दोन घरांच्या मध्ये एकच अंगण होतं, कुंपण कधी कुणी घातलं नव्हतं.

चार दिवसांनी पोलिसांचा ताफाच आला. नायब तहसीलदार, पंच, फॉरेन्सिकची माणसं आणि एक पोकलेन. गाव रस्त्यावर लोटलं. शांताराम पांढरा सदरा घालून पुढे झाला. सत्तरीचा माणूस, पण ताठ. गावात त्याचा शब्द चाले.

"खणा, काय खणायचं ते," तो मोठ्यानं म्हणाला. "आमची पोर गेली, आमाला नाय वाटत शोध लागावा?"

फोटो जुना आणि अस्पष्ट होता, गोलाच्या आजूबाजूचं सगळं झाडांच्या सावलीत. त्यावरून जागा ठरवली तर ती शांतारामच्या टेम्पोच्या शेडच्या आसपास पडत होती, पण नेमकी शेडखाली की शेजारी, ते पथकातल्या कुणाला छातीठोक सांगता येईना, आणि शांतारामच्या शब्दापुढे गावातलं कुणी तोंड उघडेना. शांतारामनं हात करून दाखवलं, शेडपासून बरीच दूर, केळीच्या अलीकडे. "इथं होती. शेड तर विहीर बुजवायच्या आधीपासूनची हाय."

पोकलेननं दुपारपर्यंत तिथं खणलं. खाली घट्ट मुरूम लागला, कधी कुणी न हलवलेला. अर्चनानं शांतारामकडे बघितलं. "नाय तर मग जरा तिकडे असंल," तो म्हणाला. "वय झालं, मॅडम. विसरायला होतं." पोकलेन तिकडे सरकलं. तिथंही मुरूमच.

जयवंती बायकांमध्ये बांधावर बसली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा अंगणातली विहीर उन्हाळ्यात आटायची, आणि पाण्याला याच विहिरीवर यावं लागायचं. तिथल्या दगडी काठावर बसून ती आणि धाकटी जाऊ, शांतारामची बायको, पहिल्या वर्षी माहेरच्या आठवणीनं रडल्या होत्या. विहीर कुठं होती हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं, आणि शांतारामला तर ती त्याच्या बापानं खणलेली. तो विसरेल?

तिनं प्रीतमकडे बघितलं. सगळं गाव खड्ड्याकडे बघत होतं. प्रीतम शेडकडे बघत होता. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि वारा तर गार होता.

मग तीही शेडकडे बघू लागली.

नायब तहसीलदार घड्याळ बघायला लागले. अर्चनाचं आणि त्यांचं बोलणं जयवंतीला ऐकू येत होतं. "नुसत्या संशयावर माणसाचं बांधकाम कसं पाडायचं, मॅडम? मालक म्हणतोय शेड आधीची आहे. उद्या कोर्टात गेला म्हणजे?" पोकलेनच्या चालकानं यंत्र बंद केलं.

गप्प राहिलं तर हे सगळे आता जातील, हे जयवंतीला कळत होतं. संध्याकाळी कीर्ती ताट घेऊन येईल. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, प्रीतमनं तारीख घेऊन ठेवली होती. तिला या जगात आता हीच माणसं होती, दुसरी कुणी नव्हती. आणि असंही असेल की शेडखाली मातीच निघेल, आणि मग तिला त्यांच्या अंगणात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ती उठली. गुडघ्यांतून कळ गेली. बांध उतरून ती सरळ अर्चनापाशी आली.

"विहीर शेडखाली हाय," ती म्हणाली. "शेड नंतरची. विहीर बुजवल्यावर त्याच दिवाळीत कोबा घातला."

"वहिनी!" शांताराम ओरडला. "काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

"कळतंय भावजी." ती त्याच्याकडे वळली नाही. "मी पानी भरलंय तिथं. पत्रे काढा, बाय. मी लिहून देते पायजे तर."

धाकटी जाऊ मागून धावत आली आणि तिनं जयवंतीचा दंड धरला. "मोठे, नको गं. घरातली गोष्ट." जयवंतीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हिलाही ठाऊक आहे, हे तिला तिथल्या तिथं समजलं. दंड न सोडवता ती तशीच उभी राहिली.

कोबा फोडायला तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दगडी काठाचं कडं लागलं, जसं होतं तसं. त्याच्या पुढे यंत्र थांबवून माणसं आत उतरली. माती, विटांचे तुकडे, राडारोडा, पुन्हा माती. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मागे हटवून हिरवं कापड आडवं बांधलं. 

अर्चना बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती जयवंतीच्या शेजारी बांधावर मातीत बसली.

"हा डबा ओळखता का, मावशी?"

स्टीलचा दोन कप्प्यांचा डबा. चेपलेला, काळा पडलेला. झाकणावरची अक्षरं पुसून काढली होती. 'सौ. जयवंती हरेश्वर'. लग्नातल्या भांड्यांबरोबर आलेला डबा, मेघाली रोज कामावर न्यायची. त्या सकाळी जयवंतीनं त्यात कारल्याची भाजी भरली होती आणि पोरगी कुरकुरली होती.

"माझा हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "ती हाय तिथं?"

"आहे."

जयवंतीनं मान हलवली. ती रडली नाही. बायका रडायला लागल्या, तेव्हा तिनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

प्रीतम त्याच संध्याकाळी बोलला. त्याला फार विचारावंच लागलं नाही. त्या दिवशी तो दारू पिऊन टेम्पो चालवत होता. पाऊस, काळोखी, वाडीतला अरुंद रस्ता. वळणावर धडक बसली तेव्हा त्याला वाटलं, म्हैस असेल. खाली उतरून बघितलं तर मेघाली. तो बापाला बोलवायला धावत गेला.

शांतारामनं आपल्या जबाबात सांगितलं, मी आलो तेव्हा श्वास नव्हता. प्रीतमनं सांगितलं, ती कण्हत होती. मी म्हटलं दवाखान्यात नेऊ. बाबा म्हणाले, ती आता जगत नाही, आणि तू जन्मभर आत जाशील.

दोघांचं म्हणणं अर्चनानं जयवंतीला स्वतः येऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्यापेक्षा मीच सांगते, म्हणाली.

"खरं कुनाचं?" जयवंतीनं विचारलं.

"हाडांवरून आता ते कळत नाही. डॉक्टरांना विचारलं मी. पुन्हा पुन्हा विचारलं."

"म्हंजे मला कधी कळनार नाय."

 उठताना अर्चनानं सांगितलं की कैलासला फोन केला होता. तो आता गुजरातमध्ये वापीला असतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला कशाला सांगता आता, आणि फोन ठेवला.

त्या रात्रीनंतर जयवंतीला झोप अशी लागेना. मेघालीचा विचार तर येईच, पण त्याहून हरेश्वर डोळ्यांसमोर येई. फावडं घेऊन भावाच्या वाडीत जाणारा, घामाघूम होऊन परत येणारा. "झालं एकदाचं, निम्मी भरली," असं तो म्हणाला होता आणि तिनं त्याला अंघोळीचं पाणी काढून दिलं होतं. तो मेला ते बरं झालं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तपासण्या होऊन हाडं ताब्यात मिळायला दोन महिने गेले. स्मशानात गावातल्या कुणीतरी विचारलं, अग्नी कोण देणार? जयवंतीनं हात पुढे केला. कुणी हरकत घेतली नाही. गाठोडं इतकं लहान होतं की लाकडं जास्त वाटत होती.

त्यानंतर कीर्ती आली. ताट नव्हतं तिच्या हातात, बॅग होती. दारातच उभी राहिली. "मोठी आई, माझं लग्न नंतर झालं. मला काय ठाऊक नव्हतं."

"मला ठाऊक हाय, पोरी."

"मी माहेरी चालले. केळव्याला."

"जा."

कीर्ती पाया पडायला वाकली. जयवंतीनं पाय मागे घेतले नाहीत, पण पाठीवर हातही ठेवला नाही. तो ठेवावा असं तिला वाटत होतं. हात उचललाच गेला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर वयाकडे बघून शांतारामला जामीन मिळाला. प्रीतम आतच होता. रिक्षा अंगणात आली, म्हातारा उतरला, जाऊ त्याला धरून आत घेऊन गेली. जयवंतीचा भाऊ डहाणूहून आला आणि म्हणाला, चल आमच्याकडे, इथं कशी राहशील, रोज तोंड बघावं लागेल.

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "माझं घर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताराम सवयीप्रमाणे ओट्यावर येऊन बसला. जयवंती अंगण झाडत होती. पूर्वी ती अख्खं अंगण झाडायची, त्या दिवशीही झाडलं. झाडत झाडत त्याच्या ओट्यापर्यंत गेली आणि झाडू हातात घेऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "ती कण्हत होती का?"

त्यानं पाय ओट्यावर वर ओढून घेतले. 

"तुमी खरं सांगा. मी कोर्टात नाय सांगनार. मला सांगा."

तो उठला, भिंतीला धरून आत गेला आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही. आवाज चढवत नसे, शिवी देत नसे. तेवढंच विचारायची आणि परत यायची. पावसाला सुरुवात झाली तोवर शांतारामनं ओट्यावर बसणं सोडलं होतं. पुढचं दार कायमचं बंद झालं. दोघं म्हातारा-म्हातारी मागच्या दारानं, केळीतून ये-जा करू लागली.

जयवंती बंद दाराला विचारून येते.