धुरपताच्या मानेएवढा

मी ओटा बोलतोय. घरचा नाही, देवळाचाही नाही, धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजाररस्त्यावरचा. वाटसराच्या डोक्यावरचं ओझं घटकाभर आपल्यावर घ्यायचं, एवढ्यासाठी सरकारनं मला बांधलं. पण जन्मलो तेव्हा मी अगदीच बिनकामाचा होतो.

छप्पन साल असेल. ओव्हरसियर यादोराव कागद घेऊन आले आणि बकाराम गवंड्यानं कागदाबरहुकूम मला उभं केलं. उंची गुडघ्याच्या वर चार बोटं.

पहिल्याच बाजाराला धुरपता आली. डोक्यावर तांदळाची टोपली, कडेवर तान्ही प्रेमिला. पोर भुकेनं रडत होती. धुरपतानं मला वरून खाली पाहिलं, पण टोपली काही उतरवेना.

"ठेव ना बाई, तुमच्यासाठीच आहे," यादोराव म्हणाले.

"ठेवतो जी. मंग डोक्यावर कोन देईल? तुमी रोज उभे राहाल का इथं?"

"कागदात हेच माप आहे."

"कागदाच्या डोक्यावर ओझं असते का? पोरगी दोन कोसांपासून रडून राहिली. एकटीनं उतरवलं तर उचलता येत नाही, म्हणून चालून राहिली मी. पाहा बरं तुमीच उचलून."

बकारामनं टोपली उतरवून माझ्यावर ठेवली. यादोरावांनी टोपी काढली, कंबर कसली. टोपली छातीपर्यंत आली आणि तिथंच अडली. पसाभर तांदूळ सांडला, चिमण्यांची दिवाळी झाली. बकाराम थापी तोंडाशी धरून हसला.

तोवर धुरपता माझ्या कडेला पाठमोरी बसून लेकीला पाजू लागली होती. रडणं थांबलं.

"बसायला तर बरा आहे की," यादोराव घाम पुसत म्हणाले.

"बसायले बेस आहे. ओझ्याले मानेएवढा पाहिजे. जराशी वाकली का टोपली त्याच्यावर सरकली पाहिजे, अन् जातानी तशीच डोक्यावर आली पाहिजे."

बकारामनं सुतळीनं तिच्या मानेपर्यंतचं माप घेऊन गाठ मारली. त्या गाठीच्या मापानं माझ्या पाठीशी दोन खांब उठले, वर फरशी बसली. यादोरावांनी कागदावरचं माप खोडलं. तिथं काय लिहिलं, ते मला वाचता येत नाही.

आता साठ साल चालू आहे. माणसं माझ्यावर बसून विडी ओढतात. ओझेवाली दिसली की उठतात, नाही उठली तर धुरपता उठवते, "सरका भाऊ, तुमच्या डोक्यावर काही नाही."

प्रेमिला आता आईच्या पुढं धावत येते. माझ्यावर बसते, आणि शेजारची जागा हातानं पुसून ठेवते.

तुम्हीही या वाटेनं आलात तर बसा. वरची फरशी तेवढी मोकळी ठेवा. मागून कोणी येत असेल.