दोडक्याला बहुमत

पाच वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बब्रुवान एका मतानं पडले, आणि ते एक मत कुणाचं, हे त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. मतदानाच्या सकाळी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त नानासाहेब केंद्रावर काळा चष्मा लावून आला होता. चर्चगल्लीत त्याआधी काळा चष्मा फक्त नवरदेवानं लावलेला. नानासाहेबांनी सांगून बघितलं, की डोळे आलेत. बब्रुवान म्हणाले, बरोबर आजच आले.

तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये चाळीस वर्षं एका बाकावर बसणाऱ्यांतला एक आता पहिल्या बाकावर, एक शेवटच्या. दोघांत मिळून एकच गीतपुस्तक होतं, ते नानासाहेबांकडं राहिलं. बब्रुवान पाच वर्षं अंदाजानं गात होते.

यंदा त्यांनी पुन्हा फॉर्म भरला. बेंबळीच्या पुढच्या त्या गावात ख्रिस्ती घरं अकरा, आणि मागणी एकच: कब्रस्तानाच्या वाटेवर मुरूम टाका. पावसाळ्यात त्या वाटेला गुडघाभर चिखल. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मरण उन्हाळ्यावर ढकलून ठेवलं होतं.

चर्चला राजपाल नावाचे नवे, तरुण पाळक आले होते. त्यांनी रविवारी उपासना झाल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं. मत कुणाला द्यायचं ते म्या सांगणार न्हाय, म्हणाले, कसं द्यायचं तेवढं शिकवतो. मग मतदारयादी वाचली, कुणाचं नाव गळालंय ते टिपलं, ओळखपत्रं तपासली. दोन कार्डांवर फोटो एकमेकींचे निघाले, पण त्या सख्ख्या जावा होत्या, त्यांची हरकत नव्हती.

त्यानंतर सराव. बिस्किटांच्या खोक्याला बाटलीची टोपणं चिकटवून मशीन केलेलं, आडोशाला साडी. खऱ्या पक्षाचं नाव नको म्हणून उमेदवार तीन: वांगं, दोडका, भोपळा. बटण दाबलं की पाळकसाहेब तोंडानं लांब ‘टूंऽऽ’ करणार. पाच मिनिटांत मागच्या बाकांवर दोडक्याचा प्रचार सुरू झाला. वांग्याचं बियाणं बाहेरचं आहे, अशी कुजबूजही पसरली.

सातव्या नंबरला बब्रुवानांची बायको दगडाबाई साडीमागं गेल्या. बराच वेळ गेला. पाळकसाहेब टूं करायला श्वास भरून उभे होते, त्यांचा चेहरा लाल झाला. शेवटी आतून स्वच्छ आवाजात “आमेन” ऐकू आलं आणि दगडाबाई पदर सावरत बाहेर आल्या.

“आजी, बटण?” पाळकांनी श्वास सोडून विचारलं.

“कसलं बटण? डोळे मिटून प्रभूला सांगितलं की कुणाला द्यायचं ते.”

“मागच्या निवडणुकीलाबी असंच केलं व्हतं?”

“व्हय की. लई शांत वाटलं. बाहेर निघाले तर ते मशीनजवळचे सायेब मागून आजी, आजी म्हणून हाका मारत व्हते. म्हटलं आशीर्वाद मागतेत. हात वर करून दिला आन् आले घरी.”

दोडक्याचा प्रचारसुद्धा थांबला. बब्रुवान आपल्या बायकोकडं बघत राहिले. रागवावं म्हटलं तर राग येईना. पाच वर्षांपूर्वी ही बाई सगळा गाव सोडून थेट वरच्या दरबारात त्यांचं नाव सांगून आली होती. ते उठले, सगळ्या बाकांमधून चालत मागं गेले आणि नानासाहेबांशेजारी बसले.

“नाना, तुझे डोळे खरंच आले व्हते का रं?”

“व्हय. आता बरे हायत.”

बब्रुवान खाली बघत म्हणाले, “माझं चुकलं गड्या.”

नानासाहेबांनी गीतपुस्तक मधे सरकवलं. मग हळूच म्हणाले, “वहिनीनं बटण दाबलं असतं तरी बरोबरीच झाली असती. चिठ्ठ्या पडल्या असत्या. आन् तुझं नशीब मला ठाऊक हाय.”

मधले दहा दिवस दगडाबाईंनी घरी खोक्यावर सराव केला. आधी बटण, टूं वाजेपर्यंत हलायचं नाही, मग प्रार्थना. टूं करायला नवरा. बब्रुवानांचा प्रचार त्यामुळं थोडा मागं पडला, पण टूं सुरात येऊ लागलं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर दोघं म्हातारे कान लावून उभे राहिले. दगडाबाई आत गेल्या. आतून खरं टूं ऐकू आलं. नानासाहेबांनी दोस्ताचा दंड घट्ट धरला. नंतर मात्र बराच वेळ काही नाही, आणि रांगेतली माणसं घड्याळं बघायला लागल्यावर आमेन.

दगडाबाई बोटाची शाई वाळवत फाटकाबाहेर आल्या. बब्रुवानांनी चारी दिशांना बघून हळूच विचारलं, “मलाच दिलं न्हवं?”

“अवो, कुणाला सांगायचं न्हाय म्हणून पाळकसायबांनी शिकवलंय,” दगडाबाई म्हणाल्या आणि घराकडं निघाल्या.

बब्रुवान पाठमोऱ्या बायकोकडं बघत राहिले. नानासाहेबांनी खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांना लावला.

“दोडक्याला दिलं आसंल,” ते म्हणाले. “चल, च्या पिऊ.”