बिनबटणांचा झगा

किल्ल्याच्या तळघरातल्या ड्रॅगनला दरवर्षी एक मुलगी द्यावी लागे आणि तिचा पांढरा झगा शिवायचा मान शिंपीणबाईंचा. नियम एकच होता: बटण, हूक, टाचणी असलं काही लावायचं नाही, फक्त नाड्या. एका वर्षी एकच पितळी बटण ड्रॅगनच्या घशात अडकलं, तो तीन दिवस खोकत राहिला आणि अर्धा बाजार जळून खाक झाला. तेव्हापासून नगरपालिकेचा कारकून झगा ताब्यात घेताना शिवण न् शिवण चाचपून बघायचा.

यंदा चिठ्ठी निघाली ती बाईंच्याच घरी राहणाऱ्या भाचीची.

"फार वाईट वाटलं," कारकून झगा चाचपत म्हणाला. वाईट वाटून घेणं हेही त्याच्याच कामात मोडत होतं. "नाड्याच आहेत, छान. पण पोरीच्या मानाने भलताच ढगळ झालाय."

"पोरीला सकाळच्या गाडीने आत्याकडे धाडलं. माप माझं आहे."

कारकुनाने नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. 'त्या घरातली एक अविवाहित स्त्री' एवढंच त्यात होतं, वयाची अट नव्हती. बाईंचं लग्न तर राहूनच गेलं होतं.

"चालेल," तो म्हणाला.

"मग पायऱ्या उतरताना हात द्या. पोट जरा जड झालंय."

"जेवण जास्त झालं का?"

"झालं खरं," बाई म्हणाल्या आणि मशीनशेजारचा बटणांचा रिकामा डबा त्यांनी पायानेच टेबलाखाली सरकवला.