हॅलोताईचा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझा उजवा कान धड आहे, डावा अधूनमधून खरखरतो, आणि तोंडासमोर येणारी माइकची दांडी चिकटपट्टीने बांधलेली आहे. दिसायला मी आता असा असलो, तरी एके काळी माझा तोरा काही वेगळाच होता.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या, मला स्वतःच्या कानांवर चढवले आणि माइकमध्ये विचारले, "ऐकू येतंय का?" पलीकडच्या टेबलावरून उत्तर आले, "खणखणीत!" झाले, मी पास झालो. मग खोक्यातला अंधार, गाडीतले धक्के, आणि एके दिवशी खोके उघडले ते एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर.

त्या ऑफिसचे काम मोठे मजेशीर होते. कंपन्यांना माणसे शोधून द्यायची आणि माणसांना नोकऱ्या. सगळे काम फोनवर चाले. मी ज्यांच्या वाट्याला आलो, त्यांना सगळे हॅलोताई म्हणत, कारण त्यांचे 'हॅलो' ऐकले की घाबरलेला उमेदवारसुद्धा खुर्चीत जरा मागे टेकून बसत असावा. निदान त्याचा श्वास तरी मला संथ झालेला ऐकू येई. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताई त्यांना सांगत, "जे येतं ते नीट सांगा. जे येत नाही ते शिकीन म्हणा. आणि निघण्यापूर्वी काहीतरी खाऊन जा, बरं का."

कितीतरी महिने घरी बसलेल्या एका वेल्डरला ताईंनी नोकरी मिळवून दिली. बातमी ऐकताच तो पलीकडून असा ओरडला, की माझा डावा कान थरथरला. तो तेव्हापासून खरखरतो. पण खरे सांगू? मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

ताईंचा माझ्यावर जीव होता. माझ्या कानांचा स्पंज फाटला, तेव्हा त्यांनी मुलीच्या जुन्या फ्रॉकची मऊ खोळ शिवून मला घातली. पिवळ्या फुलांची. सगळे ऑफिस हसले. मी मात्र ऐटीत होतो.

पुढे दिवस पालटले. कंपन्यांना माणसे हवी असत, पण कालच हवी असत. एक जागा भरली की दोन नव्या उभ्या राहत. होकार एकाला द्यायचा आणि नकार बाकीच्या सगळ्यांना, आणि तो प्रत्येक नकार ताईंच्याच तोंडून जायचा. सुरुवातीला त्या प्रत्येकाशी दोन शब्द जास्त बोलत. मग दोन शब्द कमी झाले. मग एकच वाक्य उरले, "आम्ही तुम्हाला कळवू."

मी त्यांच्या डोक्यावर बसलेला, म्हणून मला सगळे कळत होते. त्यांच्या कानशिलांची शीर उडायची. दात एकमेकांवर घट्ट दाबलेले असायचे. चहा समोर येऊन गार व्हायचा आणि तसाच परत जायचा. जेवणाच्या सुट्टीतही त्या मला काढत नसत. फोन चालू नसायचा, तरी मी कानांवर. कारण मी दिसलो की कुणी त्यांच्याशी बोलायला येत नसे. मित्रांनो, मला तेव्हा फार कानकोंडे वाटायचे. मी माणसांना जोडण्यासाठी जन्मलो होतो, आणि ताईंनी माझे कुंपण केले होते.

एका दुपारी त्यांच्या आईचा फोन आला. ताईंनी न बघताच तो घेतला.

"अगं, कधी येतेस? बरेच दिवस झाले बघ तुला पाहून."

"आपली माहिती आमच्याकडे आहे," ताई म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला कळवू."

मग आई हळूच म्हणाली, "अगं बाई, मी तुझी आई बोलतेय. मला कुठे नोकरी हवीय?"

"कामात आहे गं, नंतर करते," म्हणून ताईंनी फोन ठेवला.

लगेच पुढचा फोन वाजला. एक परिचारिका होती. एका दवाखान्याने तिला नाकारले होते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "मॅडम, माझं कुठे चुकलं तेवढं सांगाल का? म्हणजे पुढच्या वेळी सुधारता येईल."

ताईंनी आठवून पाहिले. त्यांना काहीच आठवेना. नाव नाही, आवाज नाही, कारण नाही. "सांगते," असे कसेबसे म्हणून त्यांनी मला कानांवरून काढले, हातात धरले आणि तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, मला हल्ली माणसं ऐकू येत नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "मग नवा हेडफोन मागवू ना."

"हेडफोन धड आहे, साहेब. मीच बिघडलेय."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेले होतेच. ते म्हणाले, "अहो, शुक्रवारपर्यंत जागा भरायच्यात. तेवढं उरकून घ्या, मग बघू."

"शुक्रवार संपला की दुसरा शुक्रवार येतो. मला आज थांबायला हवं. नोकरी जाणार असेल तर जाऊ दे. पण डॉक्टरांना भेटून, बरी होऊन मग बोलेन."

साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावले आणि ते म्हणाले, "जा तुम्ही. मी बघतो कसं ते."

मग मी खणात गेलो. टाचण्या, वाळलेला गोंद आणि मोडका स्टेपलर यांच्या संगतीत मी कितीतरी दिवस पडून होतो. ताई आता परत येतात की नाही, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या आल्या. काय घडले ते मला त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून हळूहळू कळले. ताई आपल्या मुलीला घेऊन आईकडे गेल्या होत्या. पहिले काही दिवस नुसत्या झोपल्या. आईने एकदाच विचारले, "उठतेस, की अजून झोपतेस?" त्या म्हणाल्या, "झोपते." आईने पांघरूण नीट केले आणि ती नातीला घेऊन बाहेर गेली. डॉक्टरबाईंनी घाई न करता सगळे ऐकून घेतले. दुसऱ्यांचे ऐकणाऱ्या ताईंचे कुणीतरी ऐकले, ते फार दिवसांनी.

परतल्यावर त्यांनी पहिला फोन त्या परिचारिकेला केला. "तुमचे कागद पाहिले. तुमचं काही चुकलं नव्हतं. त्यांना फक्त रात्रपाळीला माणूस हवा होता आणि तुम्ही दिवसपाळी मागितली होती."

"एवढंच? आणि मी रोज स्वतःलाच बोल लावत होते हो!" ती म्हणाली. तिने एव्हाना स्वतःच नोकरी शोधली होती.

काम मात्र सोपे झाले नाही. साहेबांनी पुन्हा दोन जादा जागा पुढे केल्या. "एक घेते. दुसरी जमणार नाही," ताई म्हणाल्या. आणि त्यांनी तो शब्द मागे घेतला नाही. साहेब कुरकुरले आणि दुसरी जागा दुसऱ्या टेबलावर गेली. काही दिवस मन उदास असे, काही दिवस बरे जात. जेवायच्या वेळी मात्र मी टेबलावर आणि ताई खिडकीपाशी, चार जणांच्या घोळक्यात.

अलीकडे ऑफिसात एक नवे गृहस्थ आले आहेत. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. काल जेवायची वेळ टळली, तरी ते कानांवर हेडफोन चढवून भिंतीकडे बघत बसले होते. ताईंनी पाहिले. त्या उठल्या, त्यांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"एवढा एक फोन करतो आणि येतो," गुरुजी म्हणाले.

"तो 'एवढा एक' मला चांगला ठाऊक आहे. चला, डबा घ्या."

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला टाकू नका, आम्हाला वापरा. माझी विनंती उलटी आहे. मला वेळेवर काढून ठेवत जा. मी रुसणार नाही. आणि तुमच्या घरात कुणी मला कानांवर चढवून नुसतेच बसलेले दिसले, तर लांबून हाका मारू नका. त्या ऐकू जात नाहीत. जवळ जा आणि खांद्यावर हात ठेवा.