भंडारा लागलेलं चित्र

तुम्ही ते चित्र भिंतीवरून उतरवलंत आणि वर सांगितलंत, कुणा अडाणी बाईनं नासवलं. प्रदर्शन तुमचं, परीक्षकही तुम्हीच, म्हणून काय वाटेल ते बोलाल? काय घडलं ते ऐका.

सोनालीनं चित्र पौडच्या हॉलात आणून लावलं तेव्हा तिची आई कोंडाबाई मेंढरांमागं होती. लेकीनं काय काढलंय हे तिनं पाहिलंच नव्हतं. या प्रदर्शनात चित्राची निवड झाली तरच सोनालीनं पुण्याला चित्रकला शिकायची, एवढं घरात ठरलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी कोंडाबाई नवऱ्याला, नाथाला, घेऊन एसटीनं आली.

चित्रातली बाई ताडासारखी, डोळे वाटीएवढे, ओठ मिटलेले, खांद्यावर कोकरू. तुम्ही शेजारी उभे राहून पोरांना समजावत होता. कोकरू म्हणजे लादलेलं आईपण, मिटलेले ओठ म्हणजे दडपलेला आवाज.

कोंडाबाईला त्यात बाणाई दिसली. खंडोबाची बाणाई, धनगराची लेक. तिनं कनवटीची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा देवीच्या कपाळाला लावला आणि हात जोडले. रंग ओला होता. हळद चिकटली ती चिकटलीच.

"आई, काय केलंस गं?" सोनाली धावत आली.

"देवीचं कपाळ रिकामं ठेवत्यात व्हय?"

"देवी न्हाई ती. तू हायेस."

कोंडाबाई लाजून पदराआड गेली. नाथा खुसखुसला. "म्हंजी सोताच्याच पाया पडलीस. मी पडतोय ते पुरंना व्हय?"

"तुमी गप बसा. सोने, माजे डोळे एवढाले हायेत?"

"कळपातलं एक कोकरू मागं ऱ्हायलं तरी तुला टेकडीवरनं कळतं. मग केवढे काढू?"

"डोळे बराबर हायेत," नाथा म्हणाला. "त्वांड मिटलंय तेवढं खोटं हाय."

तेवढ्यात पुढच्या चित्राकडे गेलेले तुम्ही परत आलात. चित्र खाली काढलंत. पिवळं पुसून आणा, नाही तर निवडीतून बाद, म्हणालात.

कोंडाबाईचं हसू तिथंच विरलं. पदराचं टोक ओलं करून ती पुढं झाली. "पुसती मी. माज्यापायी तुजं वाटुळं नगं, बाय."

सोनालीनं तिचा हात धरला. चित्र उचललं आणि तुमच्या टेबलासमोर उभं केलं.

"पुसते, सर. पण आधी एक सांगा. आई दडपलेली दिसली तर चित्र चांगलं, आणि तिला कुणी हळद लावली तर ते खराब. हे कसं?"

पोरगी अजून उभीच आहे. तिला उत्तर द्या.